बलबीर आणि चार इंचाचं भोक

भिंतीला भोक पाडलं की विटेचा चुरा पडतो, आणि चुऱ्याबरोबर एखादा किस्सा. चुरा झाडून निघतो, किस्सा मात्र आपल्याबरोबर घरी येतो. माझ्याकडे असे सोळा वर्षांचे साठलेत.

फौजेतून रिटायर झालो तेव्हा सांगलीला परत जायचं सोडून दिल्लीच्या द्वारकेतच राहिलो आणि बलबीरबरोबर हे काम धरलं. कपडे वाळवायच्या मशीनची गरम हवा बाहेर जायला हवी ना, त्यासाठी भिंतीतून चार इंची पाइप काढून द्यायचा. बलबीर हरियाणाचा, हाडाचा मिस्त्री. मला 'फौजी' म्हणायचा. गेल्या महिन्यात तो काम सोडून गावी गेला. ड्रिल धरून धरून हात थरथरायला लागले होते त्याचे. त्याने जाऊ नये असं मला फार वाटत होतं, पण बोलायचं कसं? आम्ही सोळा वर्षं पाइप आणि सिमेंट सोडून दुसरं काही बोललोच नव्हतो.

* * *

आमचं अगदी पहिलं काम, तिसऱ्या मजल्यावर. नकाशात बाहेरची भिंत, म्हणून खुशाल ड्रिल लावलं. पण दिल्लीत आजची बाल्कनी उद्या खोली होते. शेजाऱ्यांनी त्यांची बाल्कनी बंद करून तिथे बैठक केली होती, हे आम्हाला कोण सांगणार?

भिंतीचा गोल तुकडा आरपार निघाला आणि भोकातून चष्म्यातला एक डोळा दिसला. पलीकडे एक अंकल पेपर वाचत बसले होते. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "किससे मिलना है?"

* * *

फौजेत एक खोड लागते, सगळं कसं लेव्हलमध्ये पाहिजे. एकदा बलबीरला ताप होता, तर मी एकट्यानेच भोक पाडलं. स्पिरिट लेव्हल लावून, एकदम सरळ. स्वतःवरच खूश झालो.

पावसाळ्यात त्या बाईंचा फोन आला, "भैया, आपका ड्रायर तो सूखे कपड़े गीले कर रहा है."

भोकाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यावा लागतो, नाहीतर पाणी आत येतं. बलबीरने सगळं उकरून परत बसवलं. निघताना म्हणाला, "फौजी, आदमी सीधा चल जाएगा. छेद सीधा नहीं चलेगा."

आमची घरची अजून मला हे ऐकवते.

* * *

एका सरकारी क्वार्टरमधल्या साहेबांनी भोकासाठी रीतसर अर्ज केला. परवानगी आली, खाली एक अट: काढलेला भाग जमा करावा. बलबीरने तो विटेचा गोल तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि ऑफिसात नेऊन ठेवला. बाबूने उलटासुलटा करून पाहिला.

"ये तो गोल है," तो म्हणाला. "दीवार तो चौकोर थी."

* * *

फरीदाबादच्या काकू तर विसरताच येत नाहीत. मीही मराठी आहे कळल्यावर त्यांनी आधी पोहे दिले, मग भिंत दाखवली. जानेवारीत त्यांचा फोन, "अहो, मशीन छान चाललीय, पण पापडांना साबणाचा वास येतोय हो."

जाऊन पाहतो तर काय, बाल्कनीत पाइपच्या तोंडासमोर खाट, खाटेवर पापड मांडलेले. आठ दिवस ऊन नव्हतं, बिचाऱ्या करणार काय?

"काकू, ही हवा कपड्यांची आहे," मी म्हटलं.

"मग कपड्यांनी थोडी पापडांना दिली तर काय बिघडलं?"

बलबीरने विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. त्याने गंभीरपणे विचार केला आणि म्हणाला, "माताजी कपड़े बिना साबुन के धो लें तो?"

काकू मला म्हणाल्या, "बघा, तुमच्यापेक्षा हा हुशार आहे."

परतताना मेट्रोत आम्ही दोघं पापडाचं पुडकं मांडीवर घेऊन हसत होतो.

* * *

बलबीरचं शेवटचं काम द्वारकेतलंच. अर्धं भोक झालं आणि त्याचा हात जास्तच थरथरला. "थाम," तो म्हणाला, म्हणजे धर. मी पुढे होऊन ड्रिल धरलं. उरलेलं भोक दोघांच्या चार हातांनी पडलं. त्याने फुंकर मारून आतला चुरा उडवला, उतार बोटाने तपासला आणि मान हलवली.

तिथूनच त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो. वाटेत मी सिमेंटच्या भावाबद्दल बोललो. तोही बोलला. बस लागलेली होती. तो खिडकीशी बसला, मी खाली उभा. सांगायचं होतं की जाऊ नकोस, हात चालत नसले तर नुसता शेजारी उभा राहा, उतार तेवढा सांग. हिंदीत सगळं जुळवून ठेवलं होतं.

ड्रायव्हरने गाडी चालू केली आणि माझी हिंदी पळाली. सोळा वर्षांत त्याच्याशी मराठीचा एक शब्द बोललो नव्हतो, तो तोंडातून निघाला, "थांब."

बलबीरने खिडकीतून हात बाहेर काढला, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "थाम लिया, फौजी. अब बोल."