‘बघते’ म्हणजे काय

आमच्या आत्याला छापखान्यात सगळे ‘भिंगआत्या’ म्हणायचे. मुद्रितं तपासण्यात तिची एकतीस वर्षं गेली. कानामागे लाल पेन्सिल, हातात भिंग. जागचा हललेला अनुस्वार तिला भातातल्या खड्यासारखा लागायचा. शाळा सातवीपर्यंतच. बाकीचं ती पुस्तकं जगाच्या आधी वाचून शिकली.

पण एकदा एका मुखपृष्ठावरची चूक तिच्या हातून निसटली. मालक म्हणाले, “आत्याबाई, आता हा लॅटिन-इंग्रजी शब्दकोश. यात एक जरी चूक राहिली, तर घरी बसायचं.”

शेवटच्या सोळा पानांचा फर्मा तपासायला आला. तेल पिऊन यंत्र तयार होतं, आणि आत्या एका क्रियापदाशी अडली. तुएओर. पुढे इंग्रजी अर्थ: लुक ॲट, गेझ ॲट, प्रोटेक्ट.

“बघणे, निरखणे, इथवर ठीक. हे रक्षण करणे कुठून टपकलं?”

फोरमन म्हणाला, “वरच्या ओळीतून घरंगळलं असेल. मारा काट. मी कागद चढवलाय.”

हस्तलिखितात नेमका तिथेच शाईचा डाग. कोश लिहिणारे मास्तर फोन उचलेनात. खोडावं तर कोश लंगडा, ठेवावं तर चूक आपल्या माथी. शेवटी तिनं त्या शब्दावर पेन्सिल टेकवली.

तेवढ्यात माझ्या आईचा फोन आला. वडील तेव्हा पाय मोडून अंथरुणावर होते.

“वन्सं, मला बाहेर जायचंय. दुपारी ह्यांना कोण बघणार?”

“मी बघते,” आत्या म्हणाली, आणि उभीच राहिली. “वहिनी, पुन्हा म्हण.”

“काय?”

“कोण काय करणार, ते.”

“कोण बघणार म्हटलं. वन्सं, बरं आहे ना तुम्हाला?”

आत्याला कुठलं बरं. भिंग टेबलावर, पदर खांद्यावरून ढळलेला, अशी ती यंत्राला वळसा घालून फोरमनसमोर आली.

“तुमच्या म्हाताऱ्या आईला कोण बघतं?”

“धाकटा भाऊ.”

“म्हणजे दिवसभर टक लावून बसतो?”

“छे हो. औषध, जेवण, सगळं करतो.”

“मग? अहो, शब्द आपल्याच तोंडात होता आणि मी तो लॅटिनात शोधत होते. ज्याच्यावर नजर, त्याची राखण. खोडायचं नाही. चालवा यंत्र.”

“आणि चुकलात तर?”

“तर घरी बसेन. भावाला बघेन.”

तिनं सही ठोकली. यंत्र धडधडू लागलं.

तासाभरानं मास्तरांचा फोन आला. मालकांनीच घेतला आणि फोरमननं सांगितलेली शंका विचारली. मास्तरांचा आवाज खोलीभर ऐकू आला: “प्रोटेक्ट? तो तर त्या क्रियापदाचा जीव. कुणी खोडलं नाही ना?”

मालकांनी फोन ठेवला, घसा खाकरला. “आत्याबाई, पुढचा कोशही तुम्हीच बघा.”

“बघू म्हणजे वाचू, की सांभाळू?”

“लॅटिनातल्यासारखं. दोन्ही.”

“उद्यापासून,” आत्या पिशवी उचलत म्हणाली. “आज दुपारी भावाला बघायचंय.”