घाईबाईची हजेरी

नर्सिंग कॉलेजातल्या प्रॅक्टिकलच्या खोलीच्या चादरी, रुग्ण म्हणून सरावाला ठेवलेला पुतळा आणि झाडलोट माझ्याकडे. मुली मला मावशी म्हणतात. दुसऱ्या वर्षातल्या एकीला सगळ्यांनी घाईबाई नाव ठेवलं होतं, कारण बारा वाजायच्या आत ती बॅग काखोटीला मारून पळायची. मीही हसायचे. खरं कळलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

तिची आई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, भरवायचं, पुसून काढायचं. सकाळी वडील बघत, पण बाराला त्यांना कारखान्यात दुपारपाळीला जावं लागे, आणि आमचं प्रॅक्टिकलही नेमकं बारालाच. थोरला भाऊ परगावी. रोज फोनवर 'आईकडे लक्ष दे' म्हणून बजावलं की तो मोकळा.

हजेरी भरली साठ टक्के, परीक्षेला हवी ऐंशी. सवलतीच्या अर्जात रकाना एकच, स्वतःच्या आजारपणाचा. तिने शेजारी 'आईचे' लिहिलं, तर प्राचार्यबाईंनी काट मारली. कारकून हळूच म्हणाला, तुझ्याच तापाचा दाखला आण, चालून जाईल. म्हणजे खोटं चालतं आणि खरं चालत नाही. ती काही खोटं बोलली नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती शेवटची विनंती करायला आली. बाहेरचे परीक्षक यायचे होते आणि रुग्णाची कूस बदलणं कुणालाच धड जमत नव्हतं. पुतळ्याचा हात दर वेळी अंगाखाली अडकायचा. प्राचार्यबाई तिला म्हणाल्या, तू दाखव. बारा वाजत आले होते. तिने घड्याळाकडे पाहिलं. मीच कानाशी लागून सांगितलं की थांब, बाईंचं मन वळेल.

दोन तास तिने एकेकीचे हात धरून शिकवलं. "आधी सांगा आणि मगच वळवा. नाहीतर तिला वाटतं, आपण पडतोय." पुतळ्याला ती 'तिला' म्हणत होती.

शेवटी तिने विचारलं, "बाई, आजचे तास धराल ना?"

"हजेरी कालच बंद झाली. पुढच्या वर्षी नियमित ये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोकरीच्या भीतीने मी पुतळ्याची चादर सारखी करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुली पास झाल्या. परीक्षकांनी बाईंच्या शिकवण्याचं तोंडभरून कौतुक केलं, आणि बाईंनीही ते निमूट पदरात पाडून घेतलं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आदल्या दिवशी कॉलेजातून घरी पोहोचेपर्यंत तिला अडीच वाजले होते. वडिलांनी दहाला वळवलेली आई तोवर त्याच कुशीवर पडून होती. मुलीने चादर बाजूला करून मला कमरेखालचा लाल चट्टा दाखवला. तीन वर्षांत पहिलाच.

"मावशी," ती म्हणाली, "काल तुमचं ऐकायला नको होतं."