भज्यांच्या कढईवरची जाळी

धुराचं मला कधी भ्याव वाटलं नाही. माहेरी आसेगावला चुलीपाशीच वाढले, डोळे पुसत पुसत भाकरी थापल्या, धूर म्हणजे घरचाच माणूस. भ्याव बसलं ते तेलाचं. कढईतलं तेल धुराबरोबर वर जातं आणि वर जाऊन गार झालं की पुन्हा तेलच होऊन बसतं, हे मला लग्नानंतर कळलं. तेव्हापासून काही वर्षं माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

सासर म्हणजे मंगरूळहून पोहरादेवीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हॉटेल. हॉटेल म्हणजे काय बाप्पा, पुढे बाकडी, मागे भटारखाना आणि भटारखान्याच्या डोक्यावर लाकडी माळा. त्या माळ्यावर आमचा संसार. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणायची, माझे हे, आणि मी. पुढे मुलगी झाली आणि तिचा पाळणा माळ्यावर टांगला.

खाली भट्टीवर दिवसभर भज्यांची कढई. कढईच्या वर टिनाचं मोठं टोपरं उलटं टांगलेलं, धूर गोळा करायला. टोपऱ्यातून निघालेलं टिनाचं धुराडं माळ्यातून जाऊन छपराच्या कवेलूंच्या वर बाहेर पडायचं. पाळण्यापासून ते हातभर अंतरावर होतं. मामाजी कौतुकानं म्हणायचे, नातीले हिवाळ्यात शेकोटी झाली. मला तेव्हाही ती शेकोटी आवडली नव्हती, पण नव्या सुनेला विचारतो कोण.

एक दिवस पोरीला निजवत होते, तर धुराड्याच्या जोडातून काळा, चिकट थेंब ओघळला आणि पाळण्याच्या झालरीवर पडला. बोटाला लावून पाहिला, वास घेतला. मग मनात काय आलं कोण जाणे, कापसाची वात वळली, त्या काळ्या चिकट्यात बुडवली आणि काडी लावली. वात तुपात भिजवल्यासारखी भुरकन पेटली. तशीच खाली उतरले, पदर डोक्यावर आहे की नाही याचं भान नव्हतं, आणि ती जळती वात मामाजींच्या नाकासमोर धरली.

"हे माह्या लेकीच्या उशाशी भरून राह्यलं," मी म्हटलं.

मामाजी रागीट माणूस. सुनेनं तोंड वर करून बोलावं ही त्यांच्या घरची रीत नव्हती. पण ते रागावले नाहीत. तरुणपणी त्यांनी एका हलवायाचं दुकान धुराड्यातून पेटलेलं पाहिलं होतं, ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी वात माझ्या हातातून घेतली, चिमटीत विझवली, आणि टोपऱ्याच्या तोंडाला काहीतरी लावलं पाहिजे, तेल खालच्या खाली अडलं पाहिजे, असं म्हणाले.

मग काय लावायचं यावर खल सुरू झाला. मामाजींचं म्हणणं, ओलं गोणपाट बांधू. मी म्हटलं, ते घटकेत सुकेल आणि त्याचा काकडा होईल. हे बाजारात जाऊन दोन जाळ्यांचे तुकडे घेऊन आले. एक वाळू चाळायची, जाड तारेची, भोकांतून बोट जाईल अशी. दुसरी पितळी, मैदा चाळायच्या चाळणीची, इतकी बारीक की पलीकडचं धूसर दिसावं. दोघा बापलेकांनी बारीक जाळी उचलली, आणि तिथेच सगळं चुकलं. आमच्या घरात बेसन चाळण्यात जन्म गेलेला. जितकी चाळण बारीक तितकी चांगली, यापलीकडे कुणाची अक्कल चालेना. चाळण आपण हलवतो, झटकतो, ही जाळी तर वर नुसती टांगून राहणार, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी ती जाळी तोंडाशी धरून फुंकर मारली, तर फुंकर माझ्याच नाकावर परत आली. यांना सांगितलं, श्वास परत येऊन राह्यला, धूर कसा जाईल? हे हसले. म्हणाले, तू त भट्टीपेक्षा गरम, तुह्या फुंकरीनं कोणतीबी जाळी घाबरंल. मला हसू आलं नाही.

लोहाराकडून चौकट करून बारीक जाळी टोपऱ्यात बसवली. आणि खोटं कशाला बोलू, गुण आला. माळ्यावरचे थेंब बंद झाले. मात्र जाळी रोज धुवावी लागायची. सकाळी भट्टी पेटायच्या आधी मी ती काढायची, उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजत घालायची, मग राखेनं घासायची. हात सोलून निघायचे, पण घासताना बरं वाटायचं. जे माझ्या लेकीच्या उशाशी गेलं असतं ते नालीत चाललं होतं.

असं करत चैत्र आला आणि पोहरादेवीची जत्रा लागली.

आमच्या हॉटेलात जत्रेची एक रीत होती. पहिल्या दिवशी मामाजी भट्टीला हळदीकुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि ती पेटवायचे. मग जत्रेहून परतणारी शेवटची बैलगाडी दारावरून जाईपर्यंत भट्टी विझवायची नाही. रात्री इस्तो, म्हणजे निखारे, राखेखाली झाकून ठेवायचा, पहाटे पुन्हा कपाशीच्या पऱ्हाट्या घालायच्या. जत्रेत भट्टी विझली म्हणजे दारात आलेली लक्ष्मी माघारी गेली. हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं, त्यात बदल नव्हता.

भट्टी पेटल्याच्या दुसऱ्या सकाळी मी विचारलं, मग जाळी कधी धुवायची? मामाजी म्हणाले, जत्रा झाल्यावर. मी म्हटलं, आत्ताच काढते, जरा कढई उतरवा. तर म्हणे, तापलेल्या टोपऱ्यात कोण हात घालंल, आणि वरचा काळा गोळा इस्त्यात पडला त? मी म्हटलं, मग जाळी नसलेलीच बरी. तर म्हणे, तवा तूच त वात घेऊन आली होती. प्रत्येक गोष्टीला मामाजींकडे उत्तर तयार. मला आसेगावला धाडा म्हटलं, तर जत्रेच्या गर्दीत घरचे हात बाहेर पाठवायचे कसे. पाळणा पुढे टांगा म्हटलं, तर बाकड्यांवर परके लोक, पोरीला नजर लागंल. मागच्या अंगणात पऱ्हाट्यांचा ढीग आणि त्यात इंचू. शेवटी पोर माळ्यावरच राहिली.

जत्रा भरात आली तसा धूर परत खाली यायला लागला. आधी थोडा, मग भटारखाना भरून. हे डोळे चोळत भजी सोडत होते. मी वाकून वर पाहिलं, तर जाळीची भोकं दिसेनात. सगळी काळी, चकचकीत, आणि तिच्यातून काकवीसारखे थेंब लोंबत होते. मधूनच एखादा कढईत पडून चर्र करायचा. मी बेसन भिजवायची आणि शिडी चढून धुराड्याला हात लावून यायची. पोरीच्या अंगावरून हात फिरवायची, पुन्हा खाली. कुणाला सांगायचं? सांगून झालं होतं सगळं.

दुपारी, बाहेर बाकडी भरलेली असताना, भट्टीतली एक पऱ्हाटी फुटली. जाळ कढईच्या काठावरून वर उसळला आणि त्याचं टोक जाळीला लागलं.

आधी आवाज झाला नाही. नुसता उजेड पडला. मग टोपऱ्याच्या आतून घुमल्यासारखा आवाज सुरू झाला, घाट चढणाऱ्या मोटारीसारखा, आणि तो वर वर जायला लागला.

शिडी मी कशी चढले ते मला आजही आठवत नाही. माळ्यावर धुराडं लाल झालं होतं. जोडातून ठिणग्या उडत होत्या आणि पाळण्याची झालर एका कडेनं जळत होती. पोर डोळे मिटून पडलेली. इतक्या आवाजात लेकरू झोपतं का? मला वाटलं, गेली. मी तिला उचलून गदागदा हलवलं, तेव्हा तिनं टाहो फोडला. मी जळती झालर ओढून पायाखाली तुडवली आणि शिडीकडे वळले.

खाली उतरले तर यांनी कढईवर परात पालथी घातली होती आणि पाण्याची बादली घेऊन धावत आलेल्या गिऱ्हाइकाला हातानं अडवून धरलं होतं. उकळत्या तेलात पाणी पडलं असतं तर भटारखान्यातलं कुणी वाचलं नसतं. मामाजी भट्टीसमोर उभे होते. खाली जाळ होता तोवर धुराडं तो वर ओढतच राहणार, हे त्यांना कळत होतं. तरी हात हलत नव्हते. पहिल्या दिवशी लावलेलं कुंकू भट्टीच्या कपाळावर तसंच होतं.

"मामाजी, इझवा," मी म्हटलं. "तुमच्या पाया पडतो, इझवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. तिच्या गालावर काजळी होती. त्यांनी भिजवलेल्या बेसनाचं घमेलं दोन्ही हातांनी उचललं आणि सगळं भट्टीच्या तोंडात रिकामं केलं. अन्न होतं ते. मग ओली गोणपाटं टोपऱ्यात कोंबली, हात भाजत होते तरी कोंबत राहिले. गिऱ्हाइकांनी कवेलूंवर चढून पाणी ओतलं. धुराड्यातला आवाज हळूहळू उतरला. माळ्याचं लाकूड काळं पडलं, पण पेटलं नाही.

नंतर मामाजी पुढच्या बाकड्यावर बसून राहिले. जत्रेची माणसं येत होती, भजी मागत होती. ते फोडांनी भरलेले हात मांडीवर ठेवून प्रत्येकाला सांगत होते, आज भट्टी बंद हाये.

दुसऱ्या दिवशी यांनी धुराडं उतरवून ठोकलं, खरवडलं. आतून निघालेल्या काळ्या खपल्यांनी टोपली भरली. मग जाड तारेची जाळी कापून दोन चौकटी केल्या, एक वर असताना दुसरी धुता यावी म्हणून. आता जत्रेतही कढई रोज उतरणार, भट्टी रोज विझणार, हे ठरलं. मामाजींनी पऱ्हाट्या रचल्या, काडेपेटी हातात घेतली आणि थांबले. त्यांनी जन्मात कुणाला विचारून भट्टी पेटवली नव्हती.

"पेटवू का, पोरी?" त्यांनी विचारलं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी टोपऱ्याकडेच पाहत होते.

"आधी जाळी दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी भाजल्या हातांनी चौकट काढून माझ्या हातात दिली. मी ती दोन्ही बाजूंनी पाहिली, प्रत्येक तारेवरून बोट फिरवलं आणि परत दिली. त्यांनी ती टोपऱ्यात बसवली, नीट बसली का ते दोनदा ओढून पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"पेटवा," मी म्हटलं, आणि पोरीला कडेवर घेऊन रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिले.