गुरुनाथचा स्वतःचा मेल सर्व्हर

माझा नवरा गुरुनाथ हट्टी आहे, हे लग्नाआधी मला कोणी सांगितलं नव्हतं. आर्नहेम या डच शहरातल्या एका वीज कंपनीत तो नेटवर्क सांभाळतो. जग जे वापरतं ते त्याला घरच्या लॅपटॉपवर चालत नाही. तिथे ओपनबीएसडी नावाची, हजारात एखाद्याला ठाऊक असलेली ऑपरेटिंग सिस्टिम. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोंडले गेलो, तेव्हा या पठ्ठ्याने फुकटच्या मेलला रामराम ठोकला आणि त्या लॅपटॉपवर स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. तोही आमच्या एकुलत्या एका जेवणाच्या टेबलावर.

आठवडाही झाला नसेल, मिरजेहून नणंदेचा, मंजूषाताईंचा फोन आला. अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या किडन्या जवळजवळ थांबल्या होत्या. "दादा, लवकर ये," एवढंच त्या बोलू शकल्या. नेहमीची विमानं बंद होती. एक विशेष विमान शनिवारी सुटणार होतं. त्यासाठी कारण आणि कागद भारतीय वकिलातीला बुधवारपर्यंत मेलने पाठवायचे होते. तिथला फोन सतत एंगेज.

सोमवारी सकाळी गुरुनाथने सगळं पाठवलं.

"माझ्या मेलवरूनही पाठवू का? कागद माझ्याच मोबाइलवर स्कॅन केलेत," मी विचारलं.

"काही गरज नाही, नीला. सर्व्हर टेस्ट केलाय मी."

टेस्ट म्हणजे काय, तर त्याने स्वतःलाच मेल पाठवला होता. तो चटकन आलाही होता.

मंगळवारी उत्तर नाही. बुधवारीही नाही. गुरुनाथ खिडकीपासून ओट्यापर्यंत येरझाऱ्या घालत होता आणि दर दहा मिनिटांनी इनबॉक्स बघत होता. मला त्याची दया येत होती आणि रागही.

गुरुवारी सकाळी त्याने एकदाची सर्व्हरवरची, बाहेर जायच्या मेलची रांग उघडून पाहिली. अर्ज तिथेच पडला होता. स्वतःला पाठवलेला मेल लॅपटॉपच्या बाहेर कधी गेलाच नव्हता, आणि बाहेर जायचा थेट रस्ता आमच्या इंटरनेट कंपनीने घरगुती ग्राहकांसाठी बंद ठेवलेला. लॅपटॉपने हे सोमवारी दुपारीच कळवलं होतं. पण असल्या सूचनांचा कचरा नको, म्हणून गुरुनाथने त्या परस्पर एका वेगळ्या फोल्डरात टाकायची सोय केली होती. तो फोल्डर तो उघडत नसे.

मग त्याने मेल इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरमार्फत पाठवायची व्यवस्था केली. तीन ओळींचं काम. तासाभरात उत्तर आलं: यादी काल बंद झाली, आपलं नाव पुढच्या विमानासाठी घेतलं आहे.

संध्याकाळी त्याने मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. "पुढच्या विमानाने येतो, अण्णा."

"सावकाश ये रे," अण्णा म्हणाले. "तिकडेही आजार आहे ना."

पुढचं विमान सुटायच्या चार दिवस आधी अण्णा गेले. त्यांचे अंत्यसंस्कार आम्ही मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. गुरुनाथ लहान मुलासारखा रडला.

मला मंगळवारीच शंका आली होती. कागद माझ्या मोबाइलवर होते, पत्ता माहीत होता, दोन मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही. एकदा चांगलं तोंडावर पडू दे, त्याची खोड मोडू दे, असं मला वाटत होतं.

"तुझं ऐकायला हवं होतं, नीला," तो अजून म्हणतो. आणि मी त्याला ते म्हणू देते.