हेमचंद्ररावांची शेवटची भरती

हेमचंद्रराव वैरागडे यांनी आयुष्यभर एका सरकारी महामंडळासाठी माणसं निवडली. निवडलेल्यांपैकी निम्मी तरी त्यांच्याच नावानं बोटं मोडत, तरी "मला माणूस पाहताक्षणी कळतो" हे वाक्य ते समोर येईल त्याला ऐकवत. त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, एकदा विचारलं होतं, "मग तो शेगडी दुरुस्त करतो म्हणून आला अन् शेगडीच घेऊन गेला, तो काहून नाही कळला?" त्यावर हेमचंद्ररावांनी ठरवून टाकलं की आपली पारख कचेरीपुरती आहे.

निवृत्तीच्या तोंडावर ती कचेरीतली पारखही उघडी पडायची वेळ आली. बाहेरच्या कुणीतरी महामंडळाचे संगणक बंद पाडले, लोकांची कामं अडली आणि वरून हुकूम निघाला, की मोठ्या हुद्द्याचा, अनुभवी सायबर सुरक्षाप्रमुख नेमा. हेमचंद्ररावांनी सवयीनं चौकीदार भरतीची जुनी जाहिरात काढली, वरचं पद बदललं आणि छातीच्या मापाची अट खोडायला विसरले. हिंदी मुलखातलं, तोफा-बंदुकांच्या कारखान्यांचं गाव, अर्ज आले ते निवृत्त सुभेदारांचे. एकानं तर मुलाखतीत मिशीला पीळ देऊन सांगितलं, "हमलावर को आने तो दीजिए, साहब!"

दुसऱ्या खेपेला खरे जाणकार आले, पण सरकारी पगार ऐकून आल्या पावली परतले. आता तिसरी खेपही फुकट गेली तर पदच रद्द होणार होतं आणि महामंडळ पुन्हा चोरांपुढे उघडं पडणार होतं. निरोपाच्या दिवशी लोकांना आपलं एवढंच काम आठवेल, या विचारानं हेमचंद्ररावांना घास जाईना.

अशात एका दुपारी टेबलावरचा फोन वाजला.

"नमस्कार. मी विभावरी ठेंगडी. परवा मुलाखत आहे. कोणत्या गेटनं यायचं, तेवढं विचारायचं होतं." मुलाखतीच्या पत्राखाली वैरागडे हे नाव वाचून ती मराठीत बोलली होती.

मराठी! कचेरीत दिवसभर हिंदी, आणि घरी लेक मनीषासुद्धा "पापा, हिंदी में बोलो ना" म्हणणारी. हेमचंद्रराव खुर्चीत सरसावून बसले.

"तुमचं माहेर कुठलं?"

"अचलपूर."

"अगं, माझी आत्या तिथलीच!" एवढ्यावर 'तुम्ही'चं 'तू' झालं. "तू काही घाबरू नको, पोरी. मोठे साहेब दुबेजी, ते म्हणजे गरीब गाय. त्यांची मेल मीच तर पाहून राहिलो. पासवर्ड काय, त्यांच्या नातीचं नाव."

"सर, हे मला सांगू नका."

"अन् ते सर्व्हरच्या खोलीतलं एसी बिघडलं आहे, तर आम्ही दाराला वीट लावून ते उघडंच ठेवतो. हवा पाहिजे न, बाप्पा!"

"सर, खरंच, नका सांगू."

किती संस्कारी मुलगी, असं हेमचंद्ररावांना वाटलं. गेट सांगायचं राहिलंच होतं, ते तिनं पुन्हा विचारून घेतलं.

मुलाखतीत तिच्या आधीच्या उमेदवारानं रंगीत चित्रं दाखवून समितीचे डोळे दिपवले. मग विभावरी आली. दुबेजींनी विचारलं, "बताइए, हमारे यहाँ सबसे कमज़ोर जगह कौन-सी है?"

उत्तर देण्याआधी तिची नजर क्षणभर हेमचंद्ररावांवर आली आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण फोनवर काय दिवे लावले ते त्यांना आठवलं. तिनं एक वाक्य बोलायचा अवकाश, पद तिचं होतं आणि त्यांची अब्रू चव्हाट्यावर.

"अंदर आए बिना मैं नहीं बता सकती," ती म्हणाली.

ती बाहेर गेल्यावर दुबेजींनी पेन ठेवलं. "इनको तो कुछ पता ही नहीं." दुसऱ्या सदस्यानं मान डोलावली. रंगीत चित्रवाल्याचं नाव वर सरकलं.

आता हेमचंद्ररावांनी फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसणं त्यांच्या फायद्याचं होतं, आणि नेमकं तेव्हाच ते जमेना. त्या बाईनं आपल्यासाठी तोंडचा घास सोडला, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

"साहब," ते उठून उभे राहिले, "सबसे कमज़ोर जगह मैं हूँ।"

मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी विटेसकट. नातीचं नाव निघालं तसा दुबेजींचा चेहरा उतरला.

"इनको सब पता था, साहब, और इन्होंने मुँह नहीं खोला," हेमचंद्रराव म्हणाले. "तिजोरी की चाबी और किसको देंगे?"

विभावरीची नेमणूक झाली. आल्या दिवशी तिनं वीट काढायला लावली, दुबेजींचा पासवर्ड बदलला आणि कचेरीची गुपितं फोनवर सांगितल्याबद्दल वैरागडेंना मेमो धाडला. उभ्या नोकरीतला त्यांचा पहिला मेमो. कागद हातात घेऊन ते तिच्या खोलीत गेले.

"पोरी, तुझ्यासाठी मी भर मीटिंगमध्ये आपली लाज काढली. अन् तू मलाच?"

"म्हणूनच, काका," ती खुर्चीतून उठली. "तुम्हाला सोडलं, तर उद्या दुसऱ्या कुणाला कोणत्या तोंडानं बोलू?"

अधारताल वस्तीतल्या घरी सत्यभामाबाईंनी मेमो चष्मा लावून वाचला. नवऱ्याच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहून त्यांनी ताटात पोळी वाढली.

"लय राग येऊन राहिला का?"

"हाव, येऊन राहिला न," हेमचंद्रराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पण तिनं हा मेमो दिला नसता, तर मी चुकीचीच बाई निवडली असती."