मंदाताईचा चौकोनी पाव

चक्कीवर आपला नंबर स्वतःहून सोडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. शिक्षिका म्हणून सानगडीत बदलून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दळणाच्या रांगेत मंदाताई भेटली. राहायला माझ्या शेजारीच होती. तिच्या गव्हाच्या डब्याची पाळी आली की ती मागच्या बाईला म्हणायची, "तुमी टाका जी, मले घाई नाही." मी मनात म्हटलं, काय भली बाई आहे! मग कोणीतरी गहू घेऊन आलं, त्याचं दळण झालं, आणि ही भली बाई सगळ्यांना बाजूला सारून डबा घेऊन पुढे. एका म्हाताऱ्याशी तिचं त्यावरून चांगलंच वाजलं.

कारण नंतर कळलं. आमच्याकडे चक्कीवर तांदूळच जास्त. तांदळामागून गहू दळले की चक्कीत अडकलेलं तांदळाचं पीठ त्यात उतरतं. पोळीला ते चालून जातं, पावाला नाही. "तांदुळाच्या मागून दळलं का पाव फुटते, मॅडम. अन् फुटका पाव नामदेव खात नाही."

नामदेव तिचा धाकटा भाऊ. चाळिशीचा, धडधाकट, पण दिवसाला दोन-चार शब्द बोलणारा. लहानपणापासून तो एकच गोष्ट खायचा: दुधासोबत पावाचे काप, तेही चौकोनी. भात समोर आला तरी कान झाकून भिंतीकडे तोंड करायचा. वर्षानुवर्षं दुकानातल्या पावावर त्याचं भागलं. मग पोट साफ होईना, रक्त पडायला लागलं, आणि डॉक्टरांनी मैदा बंद केला. तीन दिवस नामदेव उपाशी. चौथ्या दिवशी मंदाताईनं मोबाइलवर पाहून गव्हाचा पाव करायला घेतला.

पहिले पाव विटेसारखे झाले. "कुत्र्यानंबी वास घेऊन सोडला जी," ती सांगायची. पण ती ब्लाउज शिवणारी बाई. उसवून पुन्हा शिवणं तिला नवं नव्हतं. तिनं झाकणाचा लांबट पत्र्याचा डबा करवून घेतला, म्हणजे पाव वर फुगून गोल व्हायला नको. कणीक सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवायची, मग हाताला चिकटेनाशी होईपर्यंत मळायची. थंडीत कणीक फुगावी म्हणून डबा दुलईत गुंडाळायची. आणि जाड गंजात, म्हणजे पातेल्यात, रेती तापवून त्यात पाव भाजायची. मी घाई केली की म्हणायची, "कणकेले घाई सांगितली का ते रुसते." पाव निघाला की गल्लीभर वास सुटायचा, पण गरम पावाला सुरी लावायची कोणाची बिशाद नव्हती. मी दोनदा मागितला आणि दोन्हीदा बोलणी खाल्ली.

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी तिला आजाराचं नाव सांगितलं, आणि फार दिवस नाहीत हेही लपवलं नाही. परत आल्यावर ती माझ्याकडे आली. आधी माझ्या शाळेचं विचारलं. मग म्हणाली, "मॅडम, तुमी पाव शिकून घ्या ना. एका रविवारी या."

ती काय मागत होती, ते मला लगेच कळलं. एक रविवार नव्हे, नामदेवच्या उरलेल्या आयुष्याचे सगळे दिवस. मी घाबरले. शाळेचं काम पुढे केलं, बदलीचं सांगितलं, "बघू" म्हटलं. "बघू" म्हणजे नाही, हे तिलाही ठाऊक होतं. "काही नाही जी, सहज म्हटलं," म्हणून ती उठली.

त्यानंतर तिचा पाव बिघडत गेला. कापांचा भुगा होऊ लागला. नामदेव ताट ढकलायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. मला इकडे ऐकू यायचं. आजारानं तिचे हात चालत नसतील असं वाटून एकदा मीच मळून द्यायला गेले. पाहते तर ती गव्हाच्या पिठात तांदळाचं पीठ मूठमूठ मिसळत होती.

"मंदाताई, अगं हे काय करते आहेस?"

"मागच्या महिन्यात दोन मुठी होत्या, आता चार." तिचा हात थांबला नाही. "पुढं शिजवलेला भातच टाकायचा आहे. याले सवय लागली पाहिजे जी. माझ्यामागं याले पाव कोन देईन? भात तं कोनीबी देईन."

तिची चुलत वहिनी सुमित्रा नामदेवला ठेवून घ्यायला तयार होती. अट एकच, घरात शिजेल ते खावं लागेल. मी म्हटलं, "पण त्याला किती त्रास होतोय, पाहतेस ना?"

"पाहून राहिली ना. मी आहे तोवर रडू द्या. मंग रडला तं जवळ कोन घेईन त्याले?"

निदान त्या वेळी तरी मी म्हणायला हवं होतं की राहू दे, मी शिकते. मी कणीक मळून दिली आणि घरी आले.

सात-आठ महिने हे चाललं. काप गेले, दुधात कुस्करलेला चुरा आला, चुऱ्यात भात आला, आणि शेवटी नुसता दूधभात. इतक्या कष्टानं साधलेला पाव तिनं आपल्याच हातांनी मोडला. नामदेवनं निमूट दूधभात खाल्ला, त्या दिवशी भिंतीला धरत धरत ती माझ्या दारात आली. "खाल्ला जी," एवढंच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता की आणखी काही, मला अजून सांगता येत नाही. पंधरा दिवसांनी ती गेली.

तेरवीला सुमित्रावहिनीनं नामदेवपुढे दूधभाताचं ताट ठेवलं. तो मान खाली घालून खाऊ लागला. "पाहा, खाते का नाही भात?" वहिनी बायकांना म्हणाली. "उगाच लाडावून ठेवला होता बहिणीनं. पावाचे नखरे सारे!"

मला तिचा भयंकर राग आला, पण बोलायला मला तोंड कुठे होतं? नामदेवनं ताट संपवलं आणि रिकाम्या ताटापुढे तसाच बसून राहिला. आणखी वाढा, असं म्हणायचं त्याला सुचत नव्हतं. त्याच्यासाठी जे काही मागायचं, ते जन्मभर मंदाताईनंच मागितलं होतं. माझ्याकडे तिनं एकदाच मागितलं.