बाबुलालचा कंप्युटर आन् उरसाचा नारळ

माझा धाकटा भाऊ बाबुलाल उरसाच्या आखाड्यात डोकं फुटून मेला. कुस्ती खेळताना न्हाई. कंप्युटरची विंडोज बदलली म्हणून मेला. आसं सांगितलं की लोकं माझ्याकडं बघत राहत्यात, म्हणून पहिल्यापासनं सांगते.

शिरूरला यष्टी स्टँडच्या मागं त्याचं दुकान. लग्नपत्रिका, पत्रकं करायचा. कंप्युटर कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेला, आत अठ्ठ्याण्णवची विंडोज. अडला की बाबुलाल त्याच्या बरगडीत बुक्की घालायचा, मग चालायचा. माणसांना बी तशीच घालायचा. शाळंच्या वाटंवर एका पोरानं माझी ओढणी ओढली तवा त्या पोराचे दोन दात पाडले व्हते बाबुलालनं.

आमच्या गावात पीरसायबाचा उरूस भरतो. गावाच्या दोन आळ्या, वरची आन् खालची. दोन्हीकडं आमची बी माणसं, हिंदूंची बी. भांडण धर्माचं न्हाई, मानाचं. पत्रकावर नाव कुणाचं वर आन् पहिल्या कुस्तीचा नारळ फोडायचा मान कुणाचा, यावरनं काठ्या निघायच्या. दोन हजार तीनला वरच्या आळीच्या हौसरावचं नाव वर आलं, नारळ बी त्याचाच. खालच्या आळीच्या बापूसाहेबानं त्याचा जबडा मोडला. हौसरावच्या पुतण्यानं एकाचा कान चावून तोडला. तुकडा मातीत पडला, कोंबडी टोचायला लागली. मी बघितलंय.

मग ठरलं, एक साल वरची आळी, एक साल खालची. बाबुलालनं दोघांना दुकानात बसवलं आन् पुढच्या सालचं पत्रक त्यांच्या डोळ्यादेखत टाईप केलं. नाव बापूसाहेबाचं, नारळ बापूसाहेबाचा. म्हणला, आता हे असंच छापायचं, न्हाईतर औंदा कान गेला, पुढं मुंडकं जाईल.

दुसऱ्या साली बापूसाहेबाला पत्रकावर रंगीत फोटू पाहिजे झाला. रंगीत प्रिंटर जुन्या विंडोजवर चालंना. दौंडचा दुरुस्तीवाला म्हणला एक्सपी टाका. बाबुलाल म्हैनाभर न्हाईच म्हणत व्हता. "चालत्या बैलाला आर कशाला टोचायची," म्हणायचा. खुर्शिद, त्याची बायको, म्हणली समोरच्या दुकानात रंगीत निघतंय, सगळं गिऱ्हाईक तिकडं चाललंय. त्या दिवशी त्यानं कंप्युटरला असली लाथ घातली की पत्रा आत गेला. आन् दुरुस्तीवाल्याला बोलावला.

एक्सपी बसली. जुनं पत्रक उघडलं तर निस्ते चौकोन. जुनी अक्षरं नव्यात आलीच न्हाईत. बाबुलालनं दुरुस्तीवाल्याची गचांडी धरून त्याला भितीवर आपटला. त्याचं नाक फुटलं. तो रडत म्हणला, आधी सगळं छापून ठेवा म्हणून सांगितलं व्हतं ना तुम्हाला.

उरूस तोंडावर आलेला. भितीवर मागल्या सालचं, हौसरावच्या नावाचं छापील पत्रक चिकटवलेलं, ते बघून बाबुलालनं परत टाईप केलं. वरचं नाव बदललं, फोटू लावला. खाली पहिल्या कुस्तीचा नारळ लिहिल्याली ओळ बदलायची ऱ्हायली. तिथं हौसरावच ऱ्हायला. बापूसाहेबानं फोटू बघितला, खालपर्यंत गेलाच न्हाई.

हौसरावनं मातर शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्यानं मुकाट्यानं नारळ आणला.

आखाड्यात दोघं दोन नारळ घेऊन उतरले. हौसरावनं पत्रक पुढं केलं. बापूसाहेबानं ते फाडून त्याच्या तोंडात कोंबलं. मग काठ्या. एकाच्या हाताचं हाड बाहेर आलं, एक पोटाशी पाय घेऊन लोळत व्हता. बाबुलाल मधी घुसला. ह्या येळंला त्यानं कुणावर हात उचलला न्हाई.

"चूक माझी हाय, बापूसाहेब. कंप्युटर बदलला, त्यात ऱ्हायलं. मारायचं तर मला मारा."

नारळ कुणी मारला ते पोलिसांना बी कळलं न्हाई. पण पहिल्या कुस्तीचा नारळ माझ्या भावाच्या टाळूवर फुटला. पाणी आन् रगात एकच झालं.

जनाज्याला दोन्ही आळ्या आल्या. पुढचा खांदा कुणी द्यायचा, परत तेच. हौसरावचा हात एका दांड्याला, बापूसाहेबाचा दुसऱ्या. हिसकाहिसकीत जनाजा कलला, कफन सरकलं, भावाचा पाय उघडा पडला.

मी आतनं मुसळ आणलं.

"हात काढा. पुढं येईल त्याचं डोकं फोडीन. मी त्याचीच बहीण हाय."

दोघं मागं सरले. शिरूरच्या स्टँडवरनं आलेल्या हमालांनी जनाजा उचलला. त्यांच्या पोरींच्या लग्नपत्रिका बाबुलालनंच केलेल्या. आळ्या मागनं गेल्या, कोण पुढं आन् कोण मागं ते मी बघितलं न्हाई. मुसळ हातात घेऊन दारातच बसले.